सेलिब्रिटींच्या चॅरिटी कॉन्सर्टने परदेशातली गरिबी खरंच कमी होते का?

गरिबी नाही हो, फार तर त्या वेळची भूक भागते, आणि तीही पैसे वेळेत पोचले तर.

१९७१ चंच घ्या ना. १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे रविशंकर आणि बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसननी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन शो केले (सतार-सरोद नुसती जुळवतायत तेवढ्यावरच पब्लिकने टाळ्या पिटल्या, रविशंकरांनी त्यावर गोड टोमणा पण मारला). तिकिटांचे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले, पण रेकॉर्ड आणि फिल्मचे लाखो डॉलर अमेरिकन टॅक्सवाल्यांकडे कित्येक वर्षं अडकून बसले, कारण काय तर चॅरिटी म्हणून आधी नोंदणीच केली नव्हती! तोवर बांगलादेश स्वतंत्र होऊन निर्वासित घरी पण गेलेले.

१९८५ च्या लाइव्ह एड कॉन्सर्टने इथिओपियासाठी धो धो पैसा जमवला, पण तिथला दुष्काळ नुसता पाऊस नाही म्हणून पडला नव्हता, तिथला लष्करी हुकूमशहा मेंगिस्टू, त्याचं सरकार उत्तरेत बंडखोरांशी लढत होतं आणि धान्य कुठे पोचू द्यायचं हे तेच ठरवत होतं, आता यात गिटार काय करणार? तरी जीव वाचले, ते नाकारायचं कारण नाही.

२००५ च्या लाइव्ह ८ कॉन्सर्टला तर पैसे जमवायचेच नव्हते, जी-८ वर (म्हणजे आठ बड्या देशांच्या गटावर) दबाव आणायचा होता. जी-८ ने १८ गरीब देशांची कर्जं माफ करायचं ठरवलं खरं, पण ते या देशांच्या अर्थमंत्र्यांनी कॉन्सर्टच्या आधीच जूनमधे जाहीर केलेलं.