तुमच्या तक्त्यात मुलगी कुठल्या रकान्यात आहे?

डिचोलीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी जिऑलॉजी घेऊन बी.एस्सी. झाली, ७१ टक्के. तिला गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानात एम.एस्सी. करायचंय. ‘पण ते विद्यापीठ १९८५ चं. आम्ही बारा विद्यापीठांचा तक्ता केलाय: स्थापना, नॅकची मूल्यांकन श्रेणी, पुरस्कार, नामवंत माजी विद्यार्थी. त्यात पुण्याचं एक खासगी विद्यापीठ पहिलं येतंय, त्याला शंभर वर्षांची परंपरा आहे. मुलीची समजूत कशी काढावी?’

नमस्कार. ७१ टक्क्यांची मला काळजी नाही. पत्रातला ‘आम्ही’ मात्र खटकला, म्हणून मोजला. अकरा वेळा आहे. मुलगी येते ती दोन-तीन ओळींत, आणि शेवटी समजूत काढून घ्यायला. तिनं तीन वर्षं दगडांचे नमुने हाताळले, फील्डवर उन्हात फिरली, आणि त्यातून समुद्राकडे वळायचं ठरवलं. हे तिनं का ठरवलं, हे तुम्ही तिला विचारलंय का? पत्रात तरी कुठं दिसलं नाही. तक्ता करताना तिला शेजारी बसवलं असतं तर एखादा रकाना तिनंही सुचवला असता.

आता तुमच्या पहिल्या रकान्याबद्दल. विद्यापीठाचं स्थापनावर्ष म्हणजे कायद्यानं ते अस्तित्वात आलं ते वर्ष, शिकवणं तेव्हाच सुरू झालं असं नव्हे. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा, कारभार जून १९८५ पासूनचा. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं आणि इथली कॉलेजंही मुंबईलाच जोडलेली होती. त्या पिढीच्या पदव्यांवर मुंबईचंच नाव आहे. आणि गंमत बघा, आपल्या गोवा मेडिकल कॉलेजचं मूळ पोर्तुगीज काळातलं, १८४२ चं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे १९८५ च्या विद्यापीठाचं हे कॉलेज मुंबई विद्यापीठापेक्षा वयानं मोठं! कुठून मोजायचं ते माहितीपत्रक लिहिणारा ठरवतो. पुण्याची ती शंभर वर्षं विद्यापीठाची आहेत की संस्थेच्या पहिल्या शाळेची, एवढं बघा.

नॅकची श्रेणी अख्ख्या विद्यापीठाची असते, तुमच्या मुलीच्या विभागाची नव्हे. नामवंत माजी विद्यार्थ्याला शिकवणारे बहुधा कधीच निवृत्त झालेत. ‘गौरवशाली वाटचाल’चं पान वाचण्यापेक्षा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीला दिलेले तक्ते उघडा. आकडे संस्थेनंच भरलेले असतात, हे धरून वाचायचे. पण किती मुलं नोकरीला लागली, मधला (मीडियन) पगार किती, हे तिथं लिहावंच लागतं.

प्रवेशाचं म्हणाल तर गोवा विद्यापीठाची स्वतःची परीक्षा आहे, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक परीक्षा. तारखा तिला ठाऊक असणारच.

दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची, आणि ती विद्यापीठाच्या जवळच आहे. समुद्र शिकणाऱ्या मुलीला हा शेजार किती उपयोगी, याला तुमच्या तक्त्यात रकानाच नाही.

एक करा. तिला एकटीला ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात जाऊ दे. प्रयोगशाळा बघू दे, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारू दे की बोटीवर किती वेळा नेतात, प्रकल्प कुठं करता येतो. पुण्यालाही तिनंच जाऊन हेच विचारावं. मग मला पत्र तिनं लिहावं. पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.