पगार थांबला तर किती महिने निभावेल?

महागड्या शहरात पहिली-दुसरी नोकरी करणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जवळपास प्रत्येकाने पगाराचा आकडा कळवलाय. उद्या तो पगार थांबला तर किती महिने निभावेल, हे मात्र एकानेही लिहिलेलं नाही. मला आधी तोच आकडा हवा असतो. खालच्या उत्तरांत महिन्याच्या पगाराचे १०० भाग धरले आहेत. ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावेत.

प्रश्न : भाडं पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत हवं, असं सगळीकडे वाचते. माझं ४५ टक्के जातं. लांब राहायला गेले तर ३० मध्ये बसेल, पण रोजचा प्रवास तासाभराऐवजी साडेतीन तासांचा होईल. जाऊ का?

आधी त्या ३० टक्क्यांचं दडपण उतरवू. अमेरिकेत १९६९ साली घरांविषयीच्या कायद्यात 'ब्रूक दुरुस्ती' झाली आणि सार्वजनिक घरांतल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही असं ठरलं. १९८१ मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवर नेली. म्हणजे गरीब भाडेकरूवर सरकारने किती बोजा टाकावा, याची ती हद्द होती. खुल्या बाजारात घर शोधणाऱ्या तुमच्यासारखीसाठी तो नियम कुणी बांधलेला नव्हता.

आता तुमचा हिशेब. भाडं आणि प्रवास कधीही वेगळे मोजू नका. जवळचं घर ४५ आणि प्रवासाचे २, मिळून ४७. लांबचं ३० आणि प्रवासाचे १०, असं समजा, म्हणजे ४०. वाचले ७. त्यासाठी रोज अडीच तास जादा, महिन्याला २२ दिवस धरले तर ५५ तास. तुम्ही महिन्याला साधारण १७६ तास काम करून १०० भाग कमावता, त्या दराने ५५ तासांचे ३१ भाग होतात. ते तुम्ही ७ भागांना विकायला निघाला आहात. शिवाय दमून घरी आल्यावर बाहेरून जेवण मागवलं जातं, उशीर झाला की टॅक्सी होते, आणि त्या सातातलेही दोन-तीन जातात.

माझ्या मते तुम्ही जाऊ नका, पण ४५ वरही थांबू नका. घर वाटून घ्या. एवढा मोठा आकडा एका फटक्यात खाली आणणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. कॉफी बंद करून २० भाग वाचलेले मी तरी पाहिले नाहीत. मात्र मैत्री आहे म्हणून कागद टाळू नका. करारावर दोघींची नावं हवीत. नाव एकीचंच असेल आणि दुसरी मध्येच निघून गेली, तर पूर्ण भाडं जिचं नाव आहे तिच्या गळ्यात, आणि जिचं नाव नाही तिला राहण्याचा ठोस आधार नाही. अनामत कोणी किती भरली ते लिहून ठेवा. घर सोडताना एकमेकींना किती दिवस आधी सांगायचं, तेही. आणि ताबा घ्याल त्या दिवशी सामान आत नेण्याआधी भिंतींची ओल, गळके नळ, फुटलेली फरशी, मीटरवरचा आकडा यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवून द्या. अनामतीतून कापाकापी होते ती याच गोष्टींवरून.

प्रश्न : मी सगळा खर्च ॲपमध्ये नोंदवतो. तरी महिनाअखेर शिल्लक शून्य. काय चुकतंय?

नोंदीमुळे पैसे कुठे गेले ते कळतं, पण ते गेल्यावर. उरतील ते साठवू म्हटलं की उरत नाहीत. म्हणून क्रम उलटा करा. पगार येईल त्याच दिवशी ५ भाग दुसऱ्या खात्यात आपोआप जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. त्या खात्याचं कार्ड घेऊ नका, पैसे भरण्याच्या ॲपलाही ते जोडू नका.

पाचावरून पुढे कसं जायचं? रिचर्ड थेलर (२०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी) आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी २००४ मध्ये एका योजनेचे निष्कर्ष मांडले होते. कर्मचाऱ्यांनी आज काहीच द्यायचं नाही, फक्त पुढच्या पगारवाढीतला काही हिस्सा बचतीत जाईल, याला आधीच होकार द्यायचा. जिथे ती पहिल्यांदा राबवली तिथे ४० महिन्यांत या लोकांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. वाढ हातात येऊन अंगवळणी पडण्याआधीच ती कुठे जायची ते ठरवून टाकलं, एवढंच त्यातलं तंत्र. तुम्हीही प्रत्येक वाढीतली निम्मी रक्कम त्या दुसऱ्या खात्याच्या नावे करून टाका.

आधी एका महिन्याचा खर्च जमवा, मग तीन महिन्यांचा. पगार नव्हे, खर्च. तोवर शेअर बाजाराचं नाव काढू नका.

प्रश्न : क्रेडिट कार्डाची किमान रक्कम दर महिन्याला न चुकता भरते. कार्ड वापरणंही बंद केलं. तरी थकबाकी हलत नाही.

हलते, पण तुम्हाला दिसू नये इतक्या सावकाश. इथे पगाराचे नव्हे, थकबाकीचे १०० भाग आणि व्याज महिन्याला ३ टक्के धरू. किमान रक्कम ५ टक्के. पहिल्या महिन्यात व्याज चढून १०३ होतात, तुम्ही ५.१५ भरता, राहतात ९७.८५. असं वर्षभर चाललं की तुम्ही भरलेले असतात ५५ आणि थकबाकी उरते ७७. म्हणजे ५५ पैकी ३२ व्याजात गेले. याच चालीने जवळपास नऊ वर्षं भरलंत तरी मुद्दलाचा दहावा हिस्सा शिल्लकच असतो.

खोट कुठे आहे पाहा. थकबाकी उतरते तशी किमान रक्कमही उतरते, आणि तुम्ही इमानदारीने दर महिन्याला थोडं कमी भरत जाता. तसं करू नका. पहिल्या महिन्याचे ५.१५ कायम धरून भरत राहिलात तर ३० महिन्यांत कर्ज संपतं. १० भरता आले तर साधारण वर्षभरात. कागदावरच्या किमान रकमेकडे बघूच नका, आपला हप्ता आपण ठरवायचा.

कार्ड बंद ठेवलंत हे उत्तम केलंत. थकबाकी असताना नव्या खरेदीला बहुधा बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आणखी एखादं कर्ज असेल तर ज्याचा व्याजदर जास्त ते आधी फेडा, मग रक्कम लहान असो की मोठी. गाठीला महिनाभराचा खर्च असेल तर त्यापलीकडची बचतही इकडे वळवा. वर्षाला ३६ टक्क्यांच्या वर परतावा देणारी खात्रीची गुंतवणूक कुठे मिळत नाही, आणि कुणी देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा.

प्रश्न : मी फ्रीलान्स काम करतो. एका महिन्यात भरपूर, पुढच्यात काहीच नाही. बजेट कसं आखू?

गेल्या वर्षभरातले सगळ्यात कमी मिळकतीचे तीन महिने काढा आणि त्यांची सरासरी हाच आपला पगार समजा. येणारी प्रत्येक रक्कम एका खात्यात, तिथून कराचा वाटा लगेच बाजूला, आणि ठरलेल्या तारखेला दुसऱ्या खात्यात स्वतःला पगार. चांगल्या महिन्याचं जास्तीचं पहिल्या खात्यातच पडून राहू द्या. तुम्हाला तीन नव्हे, सहा महिन्यांचा खर्च गाठीला लागेल. बिल थकवणाऱ्या ग्राहकाचं पुढचं काम आगाऊ घेतल्याशिवाय सुरू करायचं नाही, हेही यातच आलं.

प्रश्न : घरी पैसे पाठवावे लागतात. कमी पाठवले तर आई-वडिलांना वाईट वाटतं, जास्त पाठवले तर माझी ओढाताण.

रकमेपेक्षा तिच्या अनिश्चितीचा त्रास दोन्हीकडे जास्त होतो. एक आकडा ठरवा आणि तो भाड्यासारखा, त्याच तारखेला पाठवा. आई-वडिलांना तुमचा पगार माहीत असतो, भाडं माहीत नसतं. एकदा समोर बसून भाडं, प्रवास, हप्ते सगळं दाखवा. आजारपणासारख्या अडचणीसाठी दरमहा वेगळे एक-दोन भाग काढून ठेवा, म्हणजे वेळेला कार्ड काढावं लागणार नाही. त्यांचा आरोग्य विमा आहे का, हे मात्र या आठवड्यातच विचारा. नसेल तर दरमहा पाठवण्याच्या रकमेतला काही भाग आधी तिकडे लावा.

प्रश्न : मित्राच्या कर्जाला जामीन राहू का? 'फक्त सही आहे' म्हणतो.

नाही. त्याने हप्ते थकवले तर बँक उरलेल्या सगळ्या कर्जासाठी तुमच्या दाराशी येऊ शकते, आणि उद्या तुम्ही स्वतः कर्ज मागायला गेलात तर ही सहीसुद्धा तुमच्या नावावरचा बोजा म्हणून धरली जाऊ शकते. मदत करायचीच असेल तर परत आली नाही तरी चालेल एवढी रक्कम त्याच्या हातात द्या.