जीनोमिक्सच्या काळात साथरोगशास्त्र शिकण्यात अर्थ आहे का?

जंतूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, काही दिवसांत वाचता येत असताना साथरोगशास्त्रासाठी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करावे की थेट जीनोमिक्सकडे वळावे, असे आपण विचारले आहे. माझ्या एका वर्गमित्राने हीच गोष्ट मला ‘तुझी वही आता रद्दीत घाल’ अशा शब्दांत ऐकवली होती, म्हणून लिहितो.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्यांना सांगायला नको. पूर्व भागातील एका वस्तीत गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले, तेव्हा मी घरोघर जाऊन वहीत यादी करीत होतो. एकाच जलवाहिनीवरच्या एका घरात तिघे आजारी, तर शेजारी सगळे ठणठणीत, असा प्रकार होता. तिसऱ्या दिवशी विड्या वळणाऱ्या एका आजीबाईंनी मांडीवरचे सूप बाजूला ठेवून सांगितले, “पहिलं पाणी वास मारतंय बघा, ते मोरीत सोडते, घागर मागून भरते.” तेव्हापासून मी प्रत्येक घरी पिण्याची घागर आधी भरता की शेवटी, हे विचारू लागलो आणि बहुतेक रुग्ण आधी भरणाऱ्यांच्या घरांतले निघाले. पाणी बंद असताना रिकाम्या वाहिनीत गटाराचे पाणी शिरत होते आणि पाणी सुटताच मोटार लावणारे तेच आधी ओढून घेत होते. गळती सापडून दुरुस्तही झाली. नमुन्यांचा अहवाल त्यानंतर आला.

सिक्वेन्सिंगचे, म्हणजे जीनोम वाचण्याचे, यंत्र आजाऱ्याच्या नमुन्यातील जंतू वाचते. आजीबाई आजारीच पडल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचा नमुना कोणत्याही प्रयोगशाळेत गेला नसता. आजारी आणि निरोगी यांची तुलना जो करीत नाही, त्याला मी साथरोगतज्ज्ञ मानत नाही.

वर्गमित्र नेहमी कॅरिबियनमधील हैती या देशाचा दाखला देतो. तिथे २०१० साली पसरलेल्या कॉलऱ्याच्या जंतूचा जीनोम नेपाळमधील जंतूशी जुळला, हे खरेच आहे. मात्र फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी रुग्णांच्या नोंदी आणि नदीकाठची गावे धुंडाळून संयुक्त राष्ट्रांच्या नेपाळी शांतिसैनिकांच्या छावणीकडे त्याआधीच बोट दाखवले होते, हे तो सोयीने विसरतो.

क्षयरोगापुढे मात्र माझी वही तोकडी पडते, हे मान्य केले पाहिजे. लागण आणि आजार यांत कित्येक वर्षे जाऊ शकतात, त्यामुळे कोणाचा जंतू कोणाशी जुळतो आणि तो कोणत्या औषधाला दाद देणार नाही, हे जीनोमच नीट सांगतो. म्हणून एमपीएच करा आणि जोडीला बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे जीनोमची माहिती संगणकावर तपासण्याचे शास्त्र, शिका; पण जिथे विद्यार्थ्यांना वस्तीत पाठवत नाहीत, तिथे प्रवेश घेऊ नका. माझा वर्गमित्र याच्या नेमके उलट सांगेल. सोलापूर सोडल्यापासून त्याच्या नळाला रोज पाणी येते.