शेतकरी वडिलांचा सीआरपी वाढलाय, टेन्शनने वाढतो का? काय खायला द्यावं?

सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट. टेन्शनने वाढतो, पण किती वाढलाय ते तुम्ही लिहिलंच नाही. एचएस-सीआरपी (त्याचीच जास्त बारीक मोजणारी टेस्ट) ३ च्या थोडा वर असेल तर त्यात तंबाखू, सुटलेलं पोट, खराब हिरड्या, जागरण, कर्ज सगळं येतं. आकडा चाळीस-पन्नास असेल तर टेन्शन टेन्शन करत बसू नका, इन्फेक्शन बघा, सांधे बघा. माझ्या मायचा ६४ आला होता आणि तो कागद हातात यायला चार वर्षं गेली म्हणून एवढ्या तावाने लिहितोय.

आम्ही पारोळा तालुक्यातले. घरचा कापूस वेचून झाला की माय दुसऱ्याच्या वावरात जायची, किलोवर. सकाळी बोटं अशी आखडलेली असायची की भाकरी थापता यायची नाही, दहा वाजेपर्यंत मोकळी व्हायची, विचारलं की "माले काय व्हस?" गावातला डॉक्टर सुई टोचायचा, दुसऱ्या दिवशी माय नुसती पळायची, रोजच्यापेक्षा जास्त कापूस वेचून आणायची, अन् आम्ही म्हणायचो डॉक्टरच्या हाताला गुण आहे. ती सुई स्टेरॉइडची होती हे फार नंतर कळलं. दुखणं झाकलं जायचं, आत सांधा खराब होतच होता.

मी म्हटलं धुळ्याला दाखवू. मोठा भाऊ म्हणे बायांचे हातपाय दुखतातच, कापूस विकू दे मग बघू. कापूस विकला, त्या पैशात बोअर मारली, नुसता धुराळा निघाला. शेवटी आखाजीला बहीण आली, मायला बांगड्या भरायला बसली तर बांगडी हातावर चढेना. तिनेच स्वतःच्या पैशाने धुळ्याला नेलं. आमवात निघाला, गोळ्या सुरू झाल्या, दुखणं उतरलं, पण वाकडी झालेली दोन बोटं काही सरळ झाली नाहीत.

आता टेन्शनचं. कॉर्टिसॉल, म्हणजे टेन्शनमध्ये अंगात सुटणारं हार्मोन, खरं तर सूज दाबतं, पण ते रोजच चढलेलं असलं की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात, घरात रोज ओरडणाऱ्या माणसाचं पोरं ऐकत नाहीत तसं. रात्रीची लाईट, बारा वाजता पाणी भरायला जायचं, वरून सावकार. भाऊ अजून म्हणतो गावची हवा शुद्ध, आपल्याला कसली सूज! चुलीच्या धुरापुढं तो कधी बसलाय?

खायला काय, तर जे खातात तेच, कळण्याची भाकरी, पालेभाजी. हळदीच्या दुधाने ६४ चा ६ होत नाही. सरकारच्या फुले जन आरोग्य योजनेच्या भरवशावर राहू नका, ती अॅडमिट झाल्यावर कामाची, दर महिन्याच्या गोळ्या अन् टेस्ट खिशातूनच कराव्या लागतात.

हां, साध्या तापाने पण सीआरपी चढतो अन् आठवड्यात उतरतो, म्हणून दोन आठवड्यांनी परत करून बघा, आधीच घाबरू नका. आणि कुणाच्या आमवाताच्या गोळ्या मागून देऊ नका, मायची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते.

तुम्ही वडिलांचं विचारलंत. आईची टेस्ट कधी केली का? आमच्याकडे भाऊची शुगर दर तीन महिन्याला व्हायची.