कोथरूडमध्ये सायकल ट्रॅक मागण्याआधी जरा गेटसमोर उभं राहून बघा

तुमचा प्रश्न असा आहे की कोथरूडमधल्या सात-आठ सोसायट्या मिळून चालणं आणि सायकलिंग सुधारायला काहीतरी मागायचंय, ग्रुपवर सगळ्यांचं ठरलंय की कर्वे रोडवर सायकल ट्रॅक मागू, तर अर्ज कुठे आणि कसा करायचा. अर्जाचं सांगतो, पण आधी एक ऐका, ट्रॅक मागू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको. आणि हे कुणी गाडीवाला सांगत नाहीये, मी गेली बारा-तेरा वर्षं सायकलवरच ऑफिसला जातोय.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला तेव्हा आम्ही अगदी हवेत होतो, आणि आमच्या भागात कडेने पट्टा हवाच म्हणून मीच सगळ्यात जास्त हट्ट धरला होता. पट्टा झाला. चारशे मीटर. तीन महिन्यांत तिथे टू-व्हीलर लागायला लागल्या, मग एक भेळवाला आला, मग कुणीतरी कुंड्या ठेवल्या. आता याचं खापर कुणावर फोडू? पट्टा कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हे आम्हीच बघितलं नव्हतं, दोन्ही टोकांना सायकलवाला परत ट्रॅफिकमध्येच पडत होता मग तो पट्ट्यावर चढेल कशाला. सातारा रोडला बीआरटीबरोबर (बससाठीची वेगळी लेन) सायकल ट्रॅक झाले होते, त्यांचीही अशीच कथा झाली, जुन्या लोकांना माहितीच आहे.

कोथरूडचं म्हणाल तर नकाशा उघडून बघा. पौड फाट्याला कर्वे रोड आणि पौड रोड फुटतात आणि मधे जी पाचर तयार होते त्यात मयूर कॉलनी, डहाणूकर वगैरे सगळं येतं. मेट्रो नळस्टॉपनंतर पौड रोडला वळते, म्हणजे आयडियल कॉलनी, आनंदनगर, वनाज ही तिन्ही स्टेशनं पाचरीच्या एकाच कडेला. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली तेव्हापासून आतल्या गल्ल्यांतून स्टेशनकडे जाणारी पायी माणसं डोळ्याला दिसतील इतकी वाढलीत. म्हणजे तुमचा खरा रस्ता कर्वे रोड नाहीच, तुमचा रस्ता म्हणजे आतल्या गल्ल्या आणि शेवटी पौड रोड ओलांडणं. आतल्या गल्ल्या आत्ताच बऱ्यापैकी शांत आहेत, झाडं आहेत, सायकलला वेगळा ट्रॅक लागतच नाही तिथे, गाड्या तीसच्या खाली राहिल्या की झालं. चौकात रस्ता उचलून घ्या (टेबलटॉप म्हणतात ते, फुटपाथच्या लेव्हलला आणलेलं क्रॉसिंग) आणि कोपऱ्याची गोलाई कमी करा, वळताना गाडी आपोआप हळू होते. पाटी लावून कुणी हळू होत नाही.

आता फुटपाथ. इथे मी जास्त वेळ घालवणार कारण नव्वद टक्के भानगड इथेच आहे. आपल्याकडे फुटपाथ नाहीत असं नाहीये, ते सलग नाहीत. प्रत्येक सोसायटीच्या गेटसमोर फुटपाथ खाली उतरतो, गाडीला आत जायला उतार हवा म्हणून, आणि पुढे परत चढतो. माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिच्याबरोबर एकदा दूध आणायला गेलो तेव्हा मोजलं, साडेतीनशे मीटरमध्ये अकरा वेळा खाली-वर. ती सरळ रस्त्यावरून चालायला लागली आणि मला म्हणाली, अरे मी जिने उतरायला बाहेर पडले नाहीये. उपाय उलटा आहे, फुटपाथ सरळ ठेवायचा आणि गाडीने चढून आत जायचं. इंडियन रोड काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक आहे, आयआरसी १०३, त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी असं स्पष्ट दिलंय. मोकळी म्हणजे मोकळी, झाड, विजेच्या डीपीचा बॉक्स, जाहिरातीचा खांब हे सगळं वजा करून. बहुतेक ठिकाणी कागदावर दोन मीटरचा फुटपाथ असतो आणि प्रत्यक्षात माणूस सत्तर सेंटीमीटरमधून तिरका होऊन जातो. टेप घेऊन जा आणि सगळ्यात अरुंद जागा मोजा, सरासरी नको.

बोलार्डबद्दल ग्रुपवर मागणी येणारच, की फुटपाथवर बाईक चढतात म्हणून खांब ठोका. ठोका, पण दोन खांबांत ९० सेंटीमीटर तरी ठेवावेच लागतात नाहीतर व्हीलचेअर अडकते, आणि ९० मधून ॲक्टिव्हा आरामात जाते. तेव्हा बोलार्डने फक्त कार थांबते हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा नाहीतर नंतर शिव्या तुम्हाला.

सिग्नल पण बघा. २४ मीटर रुंद रस्ता धरला आणि सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तर २० सेकंद लागतात, पण तुमच्या सोसायटीतले आजोबा ०.८ ने चालत असतील तर त्यांना ३० हवेत. पौड रोडला स्टॉपवॉच लावून चार संध्याकाळी उभे राहा, हिरवा किती सेकंद आणि मधल्या डिव्हायडरला किती जण अडकतात एवढंच लिहा. या एका कागदावर आमचं जेवढं काम झालं तेवढं पाचशे सह्यांवर झालं नाही.

विरोध पार्किंगवरून होणार. तो खोटा नसतो, दुकानदाराला खरंच भीती असते गिऱ्हाईक जाईल म्हणून, त्यामुळे भांडू नका, तात्पुरतं करून दाखवा. औंधला डीपी रोडवर फुटपाथ रुंद करायच्या आधी २०१६ मध्ये बॅरिकेड वगैरे लावून ट्रायल घेतली होती, लोकांना बघायला मिळालं, चुका पण दिसल्या. तुम्हीही एका रविवारी खडू आणि शंकूने एक चौक करून बघा, अर्थात वाहतूक पोलिसांना लेखी कळवूनच.

(आपल्याकडची आणखी एक गंमत, टेकडीवर चालायला म्हणून लोक टेकडीच्या पायथ्यापर्यंत कारने जातात आणि तिथे पार्किंग नाही म्हणून चिडतात. तुमच्या मीटिंगला सगळ्यात पोटतिडकीने बोलणारे यातलेच असतील, त्यांना घ्याच बरोबर, त्यांच्याकडे वेळ असतो.)

आता अर्ज. आधी रस्त्याची रुंदी बघा, १२ मीटरपर्यंतचे रस्ते साधारण महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात आणि त्यावरचे पथ विभागाकडे, चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज सहा महिने फिरत राहतो. छोट्या कामांना नागरिक सहभाग अंदाजपत्रक (नागरिकांनी सुचवलेली कामं महापालिकेच्या बजेटमध्ये घेतात ते) वापरा, पुण्यात ते २००६ पासून चालू आहे, एका कामाला पाच लाखांची मर्यादा असते, आणि फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास निघतात, तेव्हा जूनपासून मोजायला लागा. पाच लाखात रस्ता होत नाही, पण एक टेबलटॉप किंवा पाच-सहा गेटसमोरचा फुटपाथ सरळ करणं बसू शकतं. "परिसरातील पदपथांची सुधारणा करणे" असं मोघम लिहिलं की तिथे फक्त नवीन ब्लॉक बसतात, खाली-वर तसंच. त्यामुळे कुठल्या गेटपासून कुठल्या गेटपर्यंत, उंची १५०, मोकळी रुंदी १.८, गेटसमोर फुटपाथ उतरणार नाही, हे शब्दात लिहा आणि हाताने काढलेलं का होईना एक चित्र जोडा. ज्या सोसायट्यांची ती गेटं आहेत त्यांच्या सेक्रेटरींचं पत्र आधीच घ्या, कारण काम सुरू झालं की पहिला फोन त्यांचाच येतो, आमची कार खालून घासतेय.

फुटपाथचा पहिला टप्पा तुमच्या गेटपासून स्टेशनपर्यंतचा एकच घ्या. तुमच्या सात-आठ सोसायट्यांपैकी जिच्या समोर सगळ्यात जास्त खाली-वर आहे तिथून सुरू करा, आणि मोजलेले आकडे इथे टाका, अर्जाचा मसुदा मी बघून देतो.