फिटनेस, नवं काही सुचणं आणि ब्लॉगची निगा यांसाठी तुम्ही कोणती टेक साधनं वापरून पाहिली? त्यातली टिकली कोणती?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "फोनमध्ये चौदा अ‍ॅप आहेत, वजन तेवढंच आहे आणि ब्लॉगवर मार्चनंतर एक लेख नाही." वाचून हसूच आलं. दोन वर्षांपूर्वी माझी हीच गत होती, फक्त माझी अ‍ॅप एकोणीस होती.

मी नागपूरची. वय ५४, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि २०११ पासून आपल्या वैदर्भी स्वयंपाकावर ब्लॉग लिहिते. वापरून पाहिलं पुष्कळ. टिकलं ते असं: पावलं मोजणारा मनगटावरचा एक साधा पट्टा, फोनच्या कीबोर्डवरचा माईक, नोंदींचं एक साधं अ‍ॅप आणि महिन्याचा पहिला रविवार. रविवार हे काही साधन नव्हे म्हणाल, पण ब्लॉग जिवंत आहे तो त्याच्यामुळेच. तीन कामांसाठी तीन वेगवेगळी साधनं शोधत होते तोवर एकही काम धड झालं नाही. सगळं सकाळच्या चालण्याला बांधलं तेव्हा गाडी हलली.

आधी चालण्याचं. सुरुवातीला फोनच पावलं मोजायचा. पण साडीला खिसा नसतो हे अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या गावी नाही. घरात आणि कॉलेजात दिवसभर मी चालायची आणि फोन टेबलावर पडून असायचा. रात्री पाहावं तर ९०० पावलं. उलट एकदा फोन पर्समध्ये टाकून स्कूटरवर इतवारीला जाऊन आले, तर खड्ड्यांनी मला बसल्या बसल्या पावलं कमावून दिली. फोनमधला सेन्सर हादरे मोजतो. हादरा पायाचा की खड्ड्याचा, हे त्यानं अंदाजानंच ठरवायचं असतं.

मग पुण्याहून मुलानं पट्टा पाठवला. त्याची वेगळीच तऱ्हा. पोळ्या लाटल्या की पावलं वाढतात. मी एकदा मुद्दाम पाहिलं, वीस पोळ्यांना दोनशेच्या वर पावलं. आणि गोकुळपेठेच्या बाजारातून दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या घेऊन घरापर्यंत आले, तर हात हलले नाहीत म्हणून ते चालणं जवळजवळ जमेसच धरलं नाही. आमचे हे म्हणाले, "मग पोळ्याच लाटत जा नं, फिरायला काहून जाऊन राहिली तू?"

तेव्हापासून मी आकडा खरा मानणं सोडून दिलं आणि पट्टा कामाला आला. आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहायचा, बस. चूक रोज साधारण तेवढीच होते, त्यामुळे चढ-उतार बरोबर कळतो. प्रयोगशाळेतला तराजू जरा चुकीचा असला तरी दोन वजनांमधला फरक बऱ्यापैकी बरोबर येतो, तसंच हे.

दहा हजार पावलांचं ओझंही उतरवून ठेवा. हा आकडा आला तेव्हा त्यामागे कुठला मोठा वैद्यकीय अभ्यास नव्हता. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव खपलं आणि आकडा जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० स्त्रियांचा अभ्यास झाला. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. मी काही ७२ ची नाही, म्हणून स्वतःसाठी सात हजार ठरवले. होतात.

कॅलरीच्या आकड्याकडे मात्र ढुंकून पाहू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके त्यातल्या सहांनी ठीक सांगितले, पण जळलेल्या कॅलरींमध्ये सगळ्यात बरं यंत्रसुद्धा २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. पट्टा म्हणतो ३०० जळल्या, म्हणून परत येताना प्लेटभर तर्री-पोहे खायचे, हा हिशेब मी वर्षभर केला आहे. वजन का उतरत नाही, हे नंतर कळलं. झोपेचे गुण, ताणाचे गुण, पाणी प्या म्हणून दर तासाला वाजणारी घंटी, हे सगळं बंद करून टाकलं. नागपूरच्या मे महिन्यात पाणी प्यायची आठवण यंत्रानं करून द्यावी लागत नाही.

आता सुचण्याचं. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सांगण्यासारखंही इथेच जास्त आहे.

माइंड मॅपची दोन अ‍ॅप घेतली, मग रंगीत कार्डं सरकवायचं एक. दोन संध्याकाळी 'उन्हाळी वाळवणं' या गोलातून रेघा काढत बसले. कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, सांडगे. चित्र फार देखणं झालं, लेख एकही झाला नाही. फांदीला कोणता रंग द्यावा हा विचार करण्यातच डोकं खर्ची पडायचं.

सुचायचं ते चालताना. अंबाझरीकडे जाताना, साडेपाच-पावणेसहाला, रस्ता मोकळा असतो तेव्हा. आणि घरी येऊन चहा टाकेपर्यंत विसरूनही जायचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुगलनं मराठीत बोलून टंकायची सोय आणली होती, पण मला तिचा पत्ता लागायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. कीबोर्डवरचा माईक दाबायचा आणि बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. मी नोंदींच्या अ‍ॅपमध्ये एकच लांब नोंद उघडून ठेवली आहे, तिला नाव 'चालता चालता'. सुचलं की माईक दाबायचा, दोन वाक्यं बोलायची, फोन बंद. वर्गवारी नाही, रंग नाही, शीर्षक नाही. सुरुवातीला बाजूनं जाणारे लोक वळून पाहायचे. आता कानात काही घालून एकट्यानं बोलणारी माणसं इतकी झाली आहेत की कोणी पाहत नाही.

चुका होतात. 'पातोडी'चं कधी 'पाठ वाडी' होतं, तर 'गोळाभात'चं 'गोळा बात'. दोष बहुतेक माझ्या बोलण्याच्या वेगाचा आणि वऱ्हाडी हेलाचा. संध्याकाळी वाचताना अर्थ लागतो, तेवढं पुरे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: घरात कूलर चालू असला की माईकला धड काही ऐकू येत नाही. एप्रिल ते जून माझं बोलून लिहिणं पहाटेपुरतंच असतं.

त्या नोंदीत काहीही येऊ द्यायचं, हा नियम मात्र माझा नाही. 'ब्रेनस्टॉर्मिंग' ही कल्पना ज्यानं रुजवली तो अ‍ॅलेक्स ऑस्बर्न जाहिरातीच्या धंद्यातला माणूस. त्याचं सांगणं हेच, की आधी ढीग जमवा, बरंवाईट नंतर ठरवा. तो मात्र चार जणांनी एकत्र बसण्यावर भर द्यायचा. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासून पाहिलं, तर वेगवेगळं बसून विचार करणाऱ्या तितक्याच माणसांच्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरल्या. ज्यांच्याकडे 'टीम' नाही त्या माझ्या-तुमच्यासारख्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

सुचण्यासाठी एआय चॅटबॉट चालतो का, हेही तुम्ही वेगळं विचारलंय. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, "हिवाळ्यात सांबार स्वस्त होतो, तेव्हा काय काय करता येईल? दहा कल्पना दे." त्यानं इडली, वडा, डोसा आणि उरलेल्या सांबाराचा भात सुचवला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हो! नागपूरला हिवाळ्यात सांबारवडी होते, ती कोणी डाळीत बुडवत नाही. मी चूक दाखवल्यावर त्यानं माफी मागितली आणि सांबारवडीचा एक 'पारंपरिक इतिहास' सांगून टाकला, तोही मनचा. ज्या गोष्टी जालावर फारशा लिहिलेल्याच नाहीत, त्या त्याला कुठून ठाऊक असणार? पण नाही ठाऊक म्हणून गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही. त्यामुळे विषय आणि माहिती त्याच्याकडे मागणं बंद केलं.

मग एक उलटी युक्ती सापडली. मी त्याला सांगते, "तू माझी पुण्याची नवी सून आहेस असं समज. गोळाभात तू कधी खाल्ला नाहीस. मला एकेक करून दहा प्रश्न विचार. स्वतः काही सांगू नकोस." आणि मग तो खरंच कामाचे प्रश्न विचारतो. गोळे भातातच शिजवायचे की वेगळे वाफवायचे? डाळीचा भरडा किती जाड हवा? गोळा फुटला तर काय करायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी एवढ्या वर्षांत कधी लिहिलंच नव्हतं, कारण आमच्या घरात ते कोणाला विचारायची गरज पडली नाही. (मोहन कमी पडलं तर गोळा दडदडीत होतो, पाणी जास्त झालं तर फुटतो. फुटला तर वरून हिंगाचं तेल थोडं जास्त घ्यायचं आणि जेवायचं, आणखी काय.) उत्तरं मी माईकवर बोलून देते. दहा उत्तरं झाली की लेखाचा कच्चा माल तयार, आणि भाषा माझीच राहते. त्याच्याकडून लेख लिहून घेतला तर तो गुळगुळीत होतो, वाचणारे ओळखतात.

ब्लॉगची निगा हे कंटाळवाणं काम आहे. म्हणून ते महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या जेवणाआधीच्या दोन तासांत. कॅलेंडरमध्ये लावून ठेवलंय.

माझा ब्लॉग ब्लॉगरवर, म्हणजे गुगलच्या फुकट ब्लॉग-सेवेवर आहे. तिथे शीर्षक फक्त देवनागरीत दिलं की लेखाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा, असा इंग्रजीत बनतो. माझ्या पहिल्या काही वर्षांच्या लेखांचे पत्ते असेच आहेत. दुवा पाहून आत भाकरी आहे की पुरणपोळी, कळत नाही. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पर्यायांत 'पर्मालिंक' मध्ये जाऊन रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः टाकायचा. जुने पत्ते मी बदलत नाही, लोकांनी दिलेले दुवे तुटतात.

दुसरं, गुगलचं सर्च कन्सोल. फुकट आहे आणि लोक कोणते शब्द शोधून तुमच्याकडे आले हे मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दाखवतं. मी कायम 'पाटवडी' लिहायची, लोक शोधत होते 'पातोडी' आणि 'पाटोडी'. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात तिन्ही रूपं घातली आणि तो मेलेला लेख पुन्हा वाचला जाऊ लागला. नव्या लेखाचे विषयही मी इथूनच उचलते. माइंड मॅपपेक्षा हे बरं.

फोटो फोनमधून जसेच्या तसे चढवू नका, एकेक चार-पाच एमबीचा असतो. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच फोटो लहान करून देतं, फोटो कुठे पाठवत नाही. रुंदी १,२०० पिक्सेल ठेवली की रश्श्यावरची तर्री चांगली दिसते आणि फाइलचं वजन पार उतरतं. तुटलेल्या दुव्यांसाठी वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जालावरच्या पानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर, जुना पत्ता टाकून पाहायचा. निम्म्या वेळा तरी पान सापडतं.

आता माझ्या हातून झालेली चूक. एका वर्षी जागा भरली म्हणून ऑनलाइन साठवलेले जुने अल्बम मी खुशाल पुसून टाकले. ब्लॉगमधले फोटो त्यातूनच दिसत होते, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी ब्लॉग उघडला तर साठेक फोटोंच्या जागी करड्या चौकटी. त्यात सासूबाई मडक्यावर लांब पोळी करतानाचा फोटो होता. त्या आता नाहीत, आणि तो फोटो दुसरीकडे कुठे ठेवलेला नव्हता.

म्हणून नवं अ‍ॅप शोधण्याआधी आज एवढं करा. ब्लॉगरवर असाल तर सेटिंग्जमध्ये 'बॅकअप' आहे, तिथून सगळे लेख फाइलमध्ये उतरवून घेता येतात. पण लेखांच्या त्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत. ते वेगळे उतरवून पेन ड्राइव्हवर टाका. माझा पेन ड्राइव्ह आता मसाल्याच्या डब्याशेजारी असतो, म्हणजे रविवारी शोधावा लागत नाही.