वाचकांचे प्रश्न : सरपंचपदाची बोली आणि ‘सगळ्या गावाची संमती’

प्रश्न : आमच्या गावात या वेळी निवडणूक होऊ द्यायची नाही, असे पारावर ठरत आहे. मारुती मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी जो सर्वांत जास्त रक्कम देईल तो सरपंच, बाकीच्यांनी अर्ज मागे घ्यायचे. भाऊबंदकीतली भांडणे टळतील, खर्च वाचेल, मंदिरही उभे राहील. सगळ्या गावाची संमती असेल तर हीसुद्धा लोकशाहीच नाही का?
– एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : बिनविरोध निवड आणि बोली या दोन गोष्टी आपल्या पत्रात एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. माघारीनंतर जागेसाठी एकच उमेदवार उरला तर त्याला निवडून आल्याचे जाहीर करावे, अशी तरतूद कायद्यातच आहे. समजुतीने वाद मिटवून एखाद्या कामसू माणसाला पुढे करणाऱ्या गावाला कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. बोलीत मात्र माघारीला किंमत लागते. उभे राहणे, न राहणे आणि अर्ज मागे घेणे हे मत देण्याइतकेच निवडणूकविषयक हक्क आहेत असे भारतीय न्याय संहिता मानते, आणि या हक्कांच्या बदल्यात मोबदला देणे-घेणे कलम १७० प्रमाणे लाचखोरी ठरते. पैसा कोणाच्या खिशात न जाता देवळाच्या पेटीत गेला, एवढ्याने त्याचे रूप पालटते असे मला वाटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच खान्देशातल्या, नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळीची आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील उमराण्याची ग्रामपंचायत निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने पदांच्या लिलावाच्याच कारणावरून मतदानाच्या तोंडावर रद्द केली होती.

कायदा बाजूला ठेवला तरी ‘सगळ्या गावाची संमती’ हे शब्द मला खटकतात. अशी एक बैठक मी जवळून पाहिली आहे. कापसाची मापे आटोपल्यावर रात्री पारावर शंभरेक माणसे जमली होती, त्यांत बाई एकही नव्हती. दिव्याच्या उजेडात बसलेले पंधरा-वीस जण आकडे वाढवत होते आणि उजेडाच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीला टेकून, सालदार आणि मजूर उभे होते. शेवटचा आकडा पुकारला गेला, टाळ्या पडल्या, नारळ फुटला. परतताना त्यांतल्या एका वयस्क सालदाराला मी विचारले, ‘बाबा, तुम्हाला हे पटले का?’ तो म्हणाला, ‘आमले कोन इचारस भो?’ दुसऱ्या दिवशी गावभर झाले, की निवड एकमताने झाली.

इथे थोडे मागे जावे लागेल. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीची मागणी त्या अधिवेशनाने पुन्हा ठासून मांडली. त्या काळी मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा अटींमुळे बहुतेक प्रौढांना मतच नव्हते. संविधानाने ती अट काढली आणि केळीच्या बागेचा मालक व त्याच बागेत घड वाहणारा मजूर यांच्या मताचे वजन सारखे केले. पदाला बोली लागली की मालमत्तेची अट मागच्या दाराने परत येते, आणि ती पूर्वीपेक्षा कडक असते. कारण पूर्वी थोडी जमीन असलेल्यालाही मत होते, आता सर्वांत मोठी थैली असलेल्या एकट्याचेच मत चालते.

याहून मोठे नुकसान पुढच्या पाच वर्षांत होते. ज्या गावाचे वर सांगितले, तिथे दोन उन्हाळ्यांनंतर नळयोजनेचा हिशेब ग्रामसभेत एका तरुणाने मागितला, तेव्हा सरपंचांनी शांतपणे उत्तर दिले, ‘मी मोजून पैसे दिले आहेत.’ पद विकत घेतलेल्या माणसाच्या दृष्टीने व्यवहार त्याच रात्री पुरा झालेला असतो.

मंदिरासाठी वर्गणी जरूर काढा, पावती पुस्तक छापा, पण ते निवडणुकीपासून दूर ठेवा. बोली लागणारच असेल तर माघारीच्या मुदतीआधी तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : सरपंच आम्ही थेट निवडतो, मग पंतप्रधान थेट का निवडत नाही?
– एक महाविद्यालयीन वाचक, धुळे

उत्तर : सरपंचाची थेट निवड ही महाराष्ट्रात २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली, यावरूनच हा प्रश्न किती अवघड आहे ते दिसते. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते आणि बहुमत सरले की त्याला जावे लागते. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत अध्यक्षाला चार वर्षांची निश्चित मुदत असते, महाभियोगाखेरीज त्याला हलवता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी याच दोन पद्धतींची तुलना केली होती. कारभाराची झडती संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव आणि चर्चांमधून रोज होते व निवडणुकीच्या वेळी मतदारही ती घेतात, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

थेट निवडीची अडचण आपल्याला गावातच पाहता येईल. सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनलचे असले, की गटाराचा ठरावसुद्धा महिनोन्‌महिने अडकतो, आणि दोघेही ‘लोकांनी मलाच निवडले’ असे म्हणतात. दोघांचेही खरेच असते. आपल्याकडे राष्ट्रप्रमुख आणि सरकारचा प्रमुख वेगळे आहेत हेही लक्षात घ्यावे. जळगावातून आमदार म्हणून कारकीर्द सुरू केलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या, पण त्या वेळी सरकार पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे मंत्रिमंडळ चालवत होते.

प्रश्न : आमचा पाडा ग्रामपंचायतीच्या गावापासून डोंगरापलीकडे आहे. ग्रामसभेला पोहोचेपर्यंत ठराव झालेले असतात. काही उपाय?
– एक वाचक, अक्राणी तालुका

उत्तर : आहे. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेल्या भागात येतो, त्यामुळे अशा भागांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम आपल्याला लागू आहेत. पाड्यातील निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवला, तर पडताळणीनंतर पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करता येते आणि त्याची ग्रामसभा पाड्यातच भरते. ठरावावर सह्या-अंगठे घेताना रजिस्टर घरोघर फिरवू नका. सगळ्यांना एका झाडाखाली बसवून ठराव मोठ्याने वाचा आणि मगच सह्या घ्या.